मशीनगनची पिशवी

प्रिय सानिका आणि ओजस,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ओजसने विचारलं, "आजी, तू बंदुका बनवायचीस हे खरं का?" तुमच्या बाबाने हसून विषय बदलला. कुठलीही गोष्ट अर्धी सांगायची आणि उरलेली समोरच्याने ओळखायची, ही त्याची लहानपणापासूनची सवय आहे. म्हणून मीच लिहून पाठवते. ज्यांच्याबरोबर हे काम केलं ती माणसं अजून आसपास आहेत. माझं काही चुकलं तर मला टोकायला कुणीतरी आहे, तोवर लिहिलेलं बरं.

तर, बंदुका मी बनवल्या नाहीत. जुन्या मशीनगनला लटकवायची एक पिशवी बनवली. त्या पिशवीपायी ती मशीनगन एका सकाळी फायरिंग रेंजवर बंद पडली, तिथून सुरुवात करते.

डोंगराच्या कुशीत मोकळं मैदान होतं. समोर मातीचा उंच बांध, त्याच्यापुढे लाकडी पाट्या. आम्ही मागे पत्र्याच्या शेडखाली कानांवर जाड मफ लावून उभे होतो. एका जवानाने जमिनीवर आडवं होऊन बंदूक खांद्याला लावली. पिशवीतली काडतुसांची माळ आत जायला लागली, निम्मीशी गेली आणि बंदूक गप्प झाली.

"स्टॉपेज," सुभेदार निकम म्हणाले. ते नाशिककडचे. या ट्रायलमध्ये पास की नापास, हे त्यांच्या शब्दावर ठरणार होतं.

दुसरी पिशवी लावली. बंदूक पुन्हा थांबली, या वेळी आणखी लवकर.

"मॅडम, तुमची पिशवी," प्रधान हळूच म्हणाले. प्रधान म्हणजे आम्हाला काम देणाऱ्या कंपनीचे प्रोजेक्ट हेड. वयाने माझ्या धाकट्या भावासारखे, पण काळजी करण्यात माझ्या आईसारखे.

"बंदूकही असू शकते," मी म्हटलं.

निकमांनी ते ऐकलं. "बंदुकीला नावं ठेवू नका मॅडम. ही माझ्या आधी भरती झालीय."

त्यांनी पिशवी काढून टाकली. दुसऱ्या जवानाला शेजारी झोपवलं आणि माळ त्याच्या हातात दिली. अख्खी माळ एका दमात संपली. निकमांनी माझ्याकडे पाहिलं. दोष पिशवीचाच होता.

इथे थोडं समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मशीनगनची काडतुसं सुटी नसतात. पोलादी कड्यांनी ती एकमेकांना जोडलेली असतात आणि त्यांची लांब माळ होते. बंदूक स्वतःच्या जोराने ही माळ डावीकडून आत ओढते, एकेक काडतूस झाडते आणि रिकाम्या कड्या बाहेर टाकते. तिच्या ओढीला मर्यादा असते. माळ कुठे अडकली की ओढ कमी पडते आणि बंदूक थांबते. त्यालाच ते स्टॉपेज म्हणतात. मग झाडणाऱ्याला झाकण उघडून सगळं मोकळं करावं लागतं, आणि तेवढा वेळ तो नुसता पडून असतो.

त्या मशीनगन जुन्या घडणीच्या होत्या, पण पोलाद उत्तम आणि यंत्रणा साधी. बनवल्या तेव्हा मात्र दोन माणसांनी मिळून चालवायच्या, असाच हिशोब होता. एकाने झाडायचं, दुसऱ्याने शेजारी पडून माळ हातावर धरायची, म्हणजे ती चिखलात लोळत नाही. सीमेवर लढाई सुरू झाली होती. नव्या बंदुका यायला वेळ लागणार होता, म्हणून लष्कराने हातातल्याच सुधारून घ्यायचं ठरवलं. आपल्या घरच्या पायमशीनला पुढे मोटर बसवली होती ना, तसंच. मशीन तेच राहतं, काम वाढतं. प्रधानांच्या कंपनीने बंदुकीला लांबी कमीजास्त होणारा नवा दस्ता दिला, हलकं दोन पायांचं स्टँड दिलं, दुर्बीण बसवायला वर पट्टी दिली. आणि डाव्या बाजूला, माळ जिथून आत जाते तिथे खाली, एक कापडी पिशवी. माळ पिशवीत राहिली की एकटा माणूस बंदूक घेऊन चढण चढू शकतो, गल्लीतून धावू शकतो.

ही पिशवी आमच्याकडे आली, कारण आमच्या भिवंडीतल्या नारपोलीच्या शेडमध्ये नवार, म्हणजे जाड अरुंद पट्टी, विणली जाते. पूर्वी ती खाटांना लागायची. नंतर शाळेच्या दप्तरांचे पट्टे आले, मग प्रवासी बॅगांचे, मग सैन्याच्या पाठपिशव्यांचे. मी टेक्सटाईलची पदवी घेतलेली, तुमच्या आजोबांना यंत्रांचा नाद. भिवंडीत सगळे साडीचं नाहीतर शर्टिंगचं कापड काढत होते तेव्हा आम्ही अरुंद पट्ट्या विणत बसलो. लोक हसायचे. हसू दे, पट्टी कुणालातरी लागतेच.

आता पुन्हा रेंजवर.

पिशवी मी हातात घेतली. आत बोटं फिरवून पाहिलं. कुठे धागा सुटला आहे, शिवण टोचते आहे, अस्तराची घडी वर आली आहे असं काहीच नव्हतं. मी निकमांकडून डमी काडतुसांची माळ मागून घेतली. डमी म्हणजे वजनाने आणि आकाराने तशीच, पण आत दारू नसलेली. टेबलावर पिशवी ठेवली, माळ भरली आणि हाताने ओढली. सरसर बाहेर आली. पुन्हा भरली, पुन्हा ओढली. पुन्हा सरसर.

"मग आता कशी येते?" प्रधान म्हणाले.

"तेच बघते आहे."

आमच्या शेडमध्ये ही पिशवी कितीतरी वेळा तपासली होती. छोट्या मोटरने माळ ओढून पाहिली होती, पिशवी भिजवून पाहिली होती, माती टाकून पाहिली होती. एकदाही अडकली नव्हती. म्हणजे शेडमध्ये होतं आणि रेंजवर नव्हतं, असं काहीतरी असणार. हवा तीच, कापड तेच. बदलले होते फक्त भरणारे हात.

बंदूक चालवणाऱ्या जवानाचं नाव सुखदेव. उंच, शांत माणूस. मी त्याला म्हटलं, "सुखदेवजी, एक बार भरके दिखाइए. जैसे रोज़ भरते हैं वैसे."

तो एक गुडघा टेकून बसला. हातात जाड मोजे होते. त्याने पिशवीचं तोंड फाकवलं, माळ उचलली आणि पोत्यात दोर टाकावा तशी आत सोडली. वरून एकदा दाबली आणि झाकण लावलं. माझा चष्मा नाकावर नीट बसायच्या आत त्याचं काम झालं होतं.

मी माळ ओढली. थोडी आली आणि थांबली. झाकण उघडून पाहिलं तर आत माळेचा एक वेढा दुसऱ्याखाली गेलेला, आणि काही काडतुसं आडवी असायची ती टोकावर उभी राहिलेली.

"हे बघा," मी प्रधानांना म्हटलं. "माळ अशी भरायचीच नाही. ती थरांत बसायला हवी. एक थर उजवीकडे, वळवून दुसरा डावीकडे. कापडाच्या घडीसारखी."

प्रधानांचा चेहरा खुलला. "मग सोपं आहे. प्रत्येक पिशवीबरोबर सूचनांचा कागद देऊ. चित्रासकट."

"हिंदी, इंग्रजी दोन्हीत," मी म्हटलं. मला सूचना लिहायला आवडतात, हे तुम्हाला माहीत आहे. फ्रिजवर चिकटवलेल्या माझ्या चिठ्ठ्या तुम्ही वाचलेल्या आहेत.

निकम हसले. "मॅडम, कागद वाचेपर्यंत समोरचा थांबणार आहे का?"

"वाचायचं आधी. मी आत्ता शिकवते, बघा तुम्ही."

मी सुखदेवला घडी दाखवली. त्याने एकदा पाहिली आणि टेबलावर व्यवस्थित भरून दाखवली. माळ सरसर आली. मी निकमांकडे पाहिलं. निकमांनी सुखदेवला बांधापर्यंत पळत जाऊन यायला सांगितलं, मग जमिनीवर पालथं पडून पिशवी बदलायला सांगितली, आणि वर स्वतः त्याच्या कानाशी ओरडत राहिले. "जल्दी, जल्दी, क्या शादी का खाना परोस रहा है?" सुखदेवने माळ पुन्हा पोत्यात दोर टाकावा तशी आत सोडली. ती अडकली.

तो मला म्हणाला, "सॉरी मैडम जी."

"तुमने कुछ नहीं किया," मी म्हटलं. आणि ते खरंच होतं.

निकमांनी मला बाजूला नेलं. आता त्यांच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. "मॅडम, ही तुकडी लवकरच वर सीमेवर जाणार. बंदुका तिच्याबरोबर जाणार, त्या थांबणार नाहीत. पिशवी पास झाली तर पिशवीसकट. नाही झाली तर माळ हातावर धरायला दुसरा माणूस जाईल, पूर्वी जायचा तसा. म्हणजे एका दगडामागे दोन जण. मला एकच हवा आहे. आणखी एक ट्रायल देतो. त्यानंतर मला देता येणार नाही."

परतताना गाडीत प्रधान म्हणाले, "कापडाचा नाद सोडून प्लास्टिकचा डबा करू या का?"

"डबा वाजतो," मी म्हटलं. "आत काडतुसं खडखडतात. शिवाय त्याचा साचा बनेपर्यंत तुकडी पोचलेली असेल. पिशवीच नीट करते."

"जमेल?"

"जमेल."

हे मी त्यांना धीर द्यायला म्हटलं नव्हतं. दुखणं कळलं होतं, औषधाचाही अंदाज येत होता.

शेडवर पोचल्यावर मंदाला बोलावलं. मंदा आमच्या शिलाई विभागाची प्रमुख. जवळच्याच गावची, आमच्याकडे आली तेव्हा नवी नवरी होती. पिशव्या तिने शिवून घेतल्या होत्या आणि शेडमधल्या प्रत्येक चाचणीला माळ तिने नाहीतर तिच्या बायकांनी भरली होती. मी रेंजवरची हकीकत सांगितली. तिने कमरेवर हात ठेवले.

"म्हंजे घडी त्यान्ला घालता येत न्हाय, आन् नापास आमची पिशवी?"

"हो."

"आमच्या गावात बारकी पोरं पन घडी घालतात."

तिने तावातावाने डमी माळ उचलली आणि माझ्यासमोर भरून दाखवली. हात कसे चालले सांगू? माळेकडे ती बघतही नव्हती. थर उजवीकडे, थर डावीकडे, प्रत्येक वळण मागच्या वळणावर बरोब्बर. मी बघतच राहिले, आणि आमची गफलत कुठे झाली ते मला लख्ख दिसलं.

भिवंडीत लूमवरून उतरलेलं कापड आधी घडीच्या टेबलावर जातं. तिथे ते थरावर थर घालून ताग्यात बसवतात. घडी वाकडी असली की व्यापारी तागा परत पाठवतो. या गावात अर्ध्या घरांनी कधी ना कधी हे काम केलेलं आहे. आमच्या हातात काहीही लांब आलं, साडी असो, दोरी असो, काडतुसांची माळ असो, की हात आपोआप तिचे थर घालायला लागतात. त्यात आम्हाला विशेष काही वाटतच नाही. पिशवीची रुंदी ठरवतानाही हात सहज आत जावा म्हणून ती मी ऐसपैस ठेवली होती. मंदाच्या हातांना ती जागा सोयीची होती. सुखदेवच्या घाईत तीच जागा माळ उलटीपालटी व्हायला पुरेशी होती.

"मंदा," मी म्हटलं, "तुझी घडी चांगली आहे हाच घोटाळा आहे."

"आता चांगलं काम पन वाईट?" ती म्हणाली आणि पाठ फिरवून गेली. तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद.

उपाय कॉलेजात शिकलेल्या एका गोष्टीतून निघाला. कापड धुण्याच्या कारखान्यात एक उंच, अरुंद पेटी असते. ओलं कापड वरून आत सोडतात. पेटी अरुंद असल्यामुळे त्याला आडवंतिडवं पसरायला जागाच मिळत नाही आणि ते आपोआप वळत वळत थरांत बसतं. घडी घालायला माणूस लागत नाही. पिशवी काडतुसाच्या लांबीपेक्षा जेमतेम बोटभर जास्त रुंद ठेवली, तर काडतुसाला टोकावर उभं राहायला जागा उरणार नाही. माळ कशीही सोडली तरी तिला एकच वाट.

दुसऱ्या दिवशी मंदाने न बोलता अरुंद पिशवी शिवून दिली. मी मुद्दाम डोळे मिटून माळ आत सोडली. ती अडकली. मंदाने भुवया उंचावल्या. झालं असं की वजनाने पिशवीच्या भिंती फुगल्या, जेवण झालेल्या पोटासारख्या, आणि रुंदी पुन्हा होती तेवढी झाली. म्हणजे नुसती अरुंद करून भागणार नव्हतं. भिंती ताठ हव्यात. पण डब्यासारख्या ताठ झाल्या तर पिशवी गुंडाळून खिशात जाणार नाही, आणि झाडाला आपटली की वाजेल.

मग आले हनीफभाईंकडे. हनीफभाई आमचे लूम मास्टर. मूळचे उत्तरेकडचे, पण नारपोलीत त्यांची तिसरी पिढी. एरवी हिंदीत बोलतात, राग आला की मराठीत.

"हनीफभाई, नवारीच्या आडव्या धाग्यात मोनोफिलामेंट घालायचं." मोनोफिलामेंट म्हणजे नायलॉनची एकच जाड, गुळगुळीत तार, मासे पकडायच्या गळाला असते तशी. आडवी तार असलेली पट्टी लांबीत मऊ राहते, रुंदीत फळीसारखी ताठ होते. गाडीतला सीटबेल्ट हातात घेऊन बघा. लांबीत सहज गुंडाळतो, पण आडवा चुरगळत नाही. त्याच्यामागे हीच युक्ती आहे.

"मॅडमजी, ये तार है, धागा नहीं," हनीफभाई म्हणाले. "सुई से फिसलेगी. और किनारे पे दाँत आएँगे."

त्यांचं बरोबर होतं. आमच्या लूमवर आडवा धागा सुई ओढून नेते आणि पट्टीच्या कडेला वळवून परत आणते. तार वळली की कडेला करवतीसारखे बारीक दात येतात. ते काडतुसांच्या कड्यांत अडकले असते.

"कडेला बांधणारा धागा जाड घ्या," मी म्हटलं. "मऊ, फुगीर. तारेचं वळण त्याच्या आत दबेल."

"आणि लूमचा स्पीड?" आता ते मराठीत आले होते. "ह्या स्पीडला तार तुटणार. मग तुम्ही येणार आणि म्हणणार, हनीफभाई, माल कुठाय?"

"स्पीड कमी करा. मी मालाचं विचारणार नाही."

"लिहून द्या."

"हनीफभाई."

"ठीक है, ठीक है."

पहिली पट्टी खरंच करवतीसारखी आली. त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि चहा प्यायला गेले. दुसरीला कड बरी होती, पण तार सैल पडली होती. हनीफभाईंनी ताण वाढवला, मी बांधायचा धागा आणखी जाड दिला. आमची तिथेच दोनदा कडाक्याची वादावादी झाली. शेवटी जी पट्टी उतरली ती मी गालावरून फिरवून पाहिली. कुठे टोचली नाही. टेबलाच्या कडेवर आडवी धरली तर खाली झुकली नाही. हनीफभाई दाराशी उभे होते.

"सीटबेल्ट बना दिया आपने," ते म्हणाले.

मंदाने त्या नवारीच्या भिंती शिवल्या. तोंडाला नरसाळ्यासारखा उतार दिला, म्हणजे मोजे घातलेल्या हाताला अरुंद तोंड शोधत बसावं लागू नये. ही कल्पना तिची. ती सांगताना ती माझ्याशी बोलायला लागली, म्हणून मला जास्तच आवडली.

आता तपासणी. शेडमध्ये तपासण्यात अर्थ नव्हता, कारण तिथला कुणीही माळ हातात घेतली की थर घालणारच. मला घडी न घालणारी माणसं हवी होती. भिवंडीत अशी माणसं कुठे भेटतात? दापोड्याला. तिथे गोदामांत दिवसभर ट्रक भरणारे आणि उतरवणारे हमाल असतात. त्यांचं काम खोकं उचलून पुढे टाकायचं. प्रधानांच्या कंपनीचं पॅकिंगचं गोदामही तिथेच होतं, गेटवर पहारा असलेलं.

प्रधान घाबरले. "मॅडम, काडतुसांची माळ घेऊन हमालांमध्ये? कुणी फोटो काढला तर?"

"डमी आहे. तुमच्याच गोदामात, तुमच्याच पहाऱ्यात. फोन गेटवर जमा करा."

जेवणाच्या सुट्टीत हमाल एकेक करून आत आले. मी त्यांना हमाली मोजे घालायला दिले आणि एकच सांगितलं, ही माळ या पिशवीत टाका, जितक्या लवकर टाकता येईल तितक्या लवकर. कशी टाकायची ते सांगितलं नाही. प्रधानांना निकमांसारखं कानाशी ओरडायला सांगितलं. प्रधानांना ओरडता येत नाही. ते "जरा लवकर, जरा लवकर प्लीज" म्हणत राहिले.

पहिल्या हमालाने माळ वजनासाठी हातात तोलली. "बाई, कोनाच्या गल्यात घालायची ही?"

"पिशवीच्या."

त्याने ती वरून सोडली. मी ओढली. सरसर आली. दुसऱ्याने गोळा करून कोंबली. आली. तिसरा म्हणाला, "मना घाई न्हाय, जेवन झालंय," आणि सावकाश भरली. तीही आली. एकाने तर पिशवी जमिनीवर ठेवून पायाने दाबली. मी मनातून म्हटलं, ही काही आता येत नाही. तीही आली. माळ आत कशीही शिरली तरी खाली जाताना भिंती तिला सरळ करत होत्या. प्रधानांनी ओरडणं थांबवलं आणि स्वतः मोजे घालून भरून पाहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "निकमांना फोन करतो."

दुसऱ्या ट्रायलला निकमांनी सुखदेवलाच बोलावलं. मी त्याला काहीही सांगू नये, अशी त्यांची अट होती. मला तेच हवं होतं. सुखदेव बांधापर्यंत पळत गेला, परत आला, पालथा पडला. नवी पिशवी त्याने पहिल्यांदाच पाहिली. निकम ओरडत होते, वरून धूळ उडत होती. त्याने माळ उचलली आणि त्याच्या पद्धतीने, पोत्यात दोर टाकावा तशी, आत सोडली.

बंदूक सुरू झाली. मी पिशवीकडे बघत होते. भिंती हलत होत्या, पण बाहेर फुगत नव्हत्या. मग बंदूक गप्प झाली.

प्रधानांनी माझा दंड धरला. निकम पुढे गेले, वाकले आणि पिशवीत हात घातला. आत काही नव्हतं. माळ संपली होती.

"दुसरी," निकम म्हणाले.

दुसरीही संपली. मग त्यांनी पिशवी चिखलात लोळवून भरायला लावली, मग उजव्याऐवजी डाव्या हाताने. दुपारी त्यांनी कानावरचे मफ काढले आणि मला विचारलं, "मॅडम, याला काय शिकवलंत?"

"काहीच नाही. तुम्हीच मनाई केली होती."

"हां," ते म्हणाले. आणि कागदावर सही केली.

तुकडी गेली ती पिशव्यांसकट गेली. कमी स्पीडवर विणायचं असल्यामुळे हनीफभाईंच्या दोन लूमना तेवढे दिवस विश्रांती नव्हती, आणि मी माल कुठाय असं एकदाही विचारलं नाही. त्या बंदुकांचं वर काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. सांगत नाहीत, आणि मी विचारलंही नाही. फक्त पुष्कळ महिन्यांनी निकमांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले, माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि शेवटी म्हणाले, "सुखदेव घरी आलाय. सुट्टीवर. एकटाच होता बंदुकीवर. दुसरा माणूस पाठवावा लागला नाही." मी बरं म्हटलं.

सानिका, तू विचारशील म्हणून आधीच लिहिते. बंदूक माणसं मारण्यासाठी असते, हे मला माहीत आहे. मी तर नुसती पिशवी बनवली, असं म्हणून मी स्वतःला कधी फसवलेलं नाही. लढाई व्हावी की नाही, हे मला कुणी विचारलं नव्हतं. दगडामागे एक माणूस असावा की दोन, एवढाच प्रश्न माझ्यापर्यंत आला होता, आणि त्याचं उत्तर मला देता येत होतं म्हणून मी दिलं. पुन्हा विचारलं तर पुन्हा देईन.

कामातून शिकले ते एवढंच. वस्तू तपासायची तर ज्याला ती वापरायची सवय नाही त्याच्या हातात द्यावी, आणि त्याला घाई करावी. आपल्या हातांवर विश्वास असावा, पण तपासणीला ते हात वापरू नयेत. सूचनांचा माझा कागद छापला गेलाच नाही. त्याची गरज उरली नव्हती, याचं मला थोडं वाईट वाटलं. मजकूर चांगला जमला होता.

पिशव्या आता दुसऱ्या एका मोठ्या कारखान्यात शिवल्या जातात. मंदा निवृत्त झाली, पण आठवड्यातून एकदा येऊन नव्या बायकांच्या चुका काढते. हनीफभाईंचा मुलगा लूम बघतो. नवार मात्र अजून आमच्याच शेडमध्ये विणली जाते, त्याच दोन लूमवर, कमी स्पीडला. पिशवीचं ड्रॉइंग त्यानंतर दोनदा नव्याने काढलं गेलं. पिशवीची रुंदी कुणी बदललेली नाही.

तुमची,
आजी